विमानातून किन्हीराजा

माझ्या सासऱ्यांना विमानाचं वेड लागलं ते माझ्या डोळ्यांदेखत. लग्न होऊन मी वऱ्हाडातल्या शिरपूरजवळच्या आमच्या गावी नुकतीच नांदायला आले होते. खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती आणि आम्ही बायका भाकरी घेऊन गेलो होतो. तेवढ्यात आभाळातून घरघर ऐकू आली. बैल दावं तोडून पळाले, गडीमाणसं कडब्याच्या गंजीमागं दडली, आणि सासरे मात्र खळ्याच्या मधोमध मान वर करून उभे. विमान दिसेनासं झालं तरी ते उभेच होते. डोक्याचा फेटा सुटून खाली पडला होता, तो उचलायचंही त्यांना भान नव्हतं.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. अकोल्याच्या बाजारातून कोणी आलं की सासरे त्याला ओट्यावर बसवून घेत आणि विमानाबद्दल खोदून खोदून विचारत. सांगणारे लोकही काही कमी नव्हते. चहा मिळतोय म्हटल्यावर त्यांनी विमान पार काशीपर्यंत नेऊन आणलं. तेच सासरे मग आणखी थोडं वाढवून गावाला सांगत. विमानातून सारा वऱ्हाड ताटात वाढल्यासारखा दिसतो, माणसाच्या कपाळावरचं गंधसुद्धा ओळखू येतं, असं त्यांनी एकदा ओट्यावर सांगितलं. मी आत पीठ मळत होते. माझे हात तिथंच थांबले.

मला माहेरी जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. माझं माहेर किन्हीराजाचं. वडील माझ्या लग्नाआधीच गेलेले, घरात आई आणि धाकटा भाऊ. पहिल्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईनं मला न्यायला त्या भावालाच शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवलं, कारण पाठवायला दुसरं कोणी नव्हतंच. सासऱ्यांना तो अपमान वाटला. पाटलाची सून न्यायला पोट्टं पाठवतात काय, मोठ्या माणसाचं समक्ष बोलावणं येईल तेव्हा पाठवू, असं म्हणून त्यांनी त्याला जेवू घालून परत लावलं. आता मोठं माणूस म्हणजे आईच. आणि लेकीला मूल झाल्याशिवाय आईनं तिच्या सासरी पाऊल ठेवायचं नाही अशी आमच्याकडची रीत. म्हणजे आई यायची नाही आणि मला कोणी पाठवायचं नाही. ही गाठ कोणी सोडवायची? प्रत्येक सणाला मी वाट पाहायची, सण जायचा, आणि मग मी भांड्यांवर राग काढायची. सासूबाई म्हणायच्या, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी होतीच, पण ती जागच्या जागी फिरत होती.

तर, विमानातून गंध दिसतं म्हटल्यावर मी रात्री नवऱ्याला विचारलं, किन्हीराजाही दिसत असेल का? तो भला माणूस. बाबा म्हणतात त्याअर्थी दिसत असेल, म्हणाला, आणि कूस बदलून झोपला. मला काही झोप आली नाही.

पुढच्या माघात बातमी आली की अकोल्याच्या बाहेरच्या माळावर एक विमान येणार आहे आणि पैसे भरून कोणालाही त्यात बसता येणार आहे. कापूस विकून झाला होता, हात मोकळे होते. सासऱ्यांनी जाहीर केलं की सगळं घर विमान पाहायला जाणार आणि ते स्वतः त्यात बसणार. लोक सुट्टीत देवाला जातात, आम्ही विमानाला निघालो. ज्याला आभाळात उडायचं होतं त्याला मोटारीचा मात्र भरवसा नव्हता, म्हणून आमचीच दमणी जुंपली. छपराच्या त्या हलक्या गाडीत सासूबाई, मी आणि दशम्यांची टोपली, हाकायला नवरा, आणि पुढं सासरे.

आमच्याकडच्या मालेगावला रस्ता फुटतो. एक वाट अकोल्याकडं, दुसरी किन्हीराजाकडं. मी छपराच्या फटीतून त्या दुसऱ्या वाटेकडं पाहत राहिले. सासूबाईंनी पाहिलं आणि माझ्या हातात एक दशमी ठेवली. मला ती गिळवेना.

मला वाटलं होतं आता तडक अकोला. पण सासऱ्यांनी सहलीचा बेत पक्का आखला होता. पातूरच्या अलीकडं एका शेतात म्हणे मागच्या वर्षी विमान बिघडून उतरलं होतं, ते शेत आधी पाहायचं. शेताचा मालक हुशार. जिथं विमानाची चाकं रुतली होती तिथं त्यानं दगडांचं कुंपण केलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती जागा दाखवत होता. दोन चरे होते, आमच्या गाडीच्या चाकोरीसारखेच. कोणीतरी त्यांच्यावर कुंकू वाहिलं होतं. सासऱ्यांनी नारळ फोडला. मग त्यांनी चऱ्याची लांबी काठीनं मोजली, पुन्हा मोजली, मालकाशी वाद घातला आणि शेवटी तिथंच झाडाखाली दुपारचं जेवण करायचं ठरवलं. माझा जीव नुसता वरखाली होत होता. चरे कुठं पळून जाणार होते का? पण विमान जाणार होतं.

अकोल्यात पोचलो तर आणखी एक ठिकाण निघालं. बाजारातल्या एका चहावाल्याच्या दुकानात विमानाचा मोडका पंखा भिंतीवर टांगलेला होता. तो पाहिल्याशिवाय सासरे पुढं जाईनात. लाकडाचाच तर होता. सासरे त्याच्यावरून हात फिरवत राहिले, आणि मी बाहेर दमणीत बसून टोपलीच्या काड्या मोडत होते.

माळावर गेलो तेव्हा जत्रा भरली होती. दोरी बांधून लोकांना अडवलं होतं, आणि दोरीपलीकडं ते उभं होतं. इतकं ऐकलं होतं त्याच्या मानानं मला ते लहानच वाटलं. वैमानिक मागं बसे आणि पुढच्या उघड्या खोबणीत एक माणूस मावे. सासऱ्यांनी आधीच पैसे भरले होते. त्यांची पाळी आली, टोपीवाल्या माणसानं हाक मारली, आजूबाजूच्या लोकांनी पाटलांना वाट करून दिली. सासरे ऐटीत विमानापर्यंत गेले. त्यांनी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात पंखा फिरला आणि त्या आवाजानं जमीन थरथरली. सासऱ्यांचा पाय पायरीवरून खाली आला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मग ते तिथंच, गवतात, बसले.

मला हसू आलं नाही. ज्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं जीव टाकला ती समोर उभी राहिल्यावर माणसाचे पाय गळतात, हे मला तेव्हाही कळलं. पण लोक हसायला लागले होते. आता घरातलं कोणीतरी बसलंच पाहिजे होतं, नाहीतर पाटलांची अब्रू माळावर राहिली असती. सासऱ्यांनी मुलाकडं पाहिलं. मुलगा बैलांकडं पाहत होता.

"मी बसतो," मी म्हणाले.

आमच्या बोलीत बाईसुद्धा असंच बोलते. सासूबाईंनी माझा दंड धरला. लोकांसमोर, सासऱ्यांसमोर, डोक्यावरचा पदर काढून विमानात बसणाऱ्याला देतात ती चामड्याची टोपी घालायची म्हणजे काय? मी पदर घट्ट ओढला आणि टोपी पदरावरूनच घातली. टोपीवाला काहीतरी पुटपुटला, पण त्यानं पट्टा आवळला. सासरे गवतातून माझ्याकडं पाहत होते. जा म्हणाले नाहीत आणि नको असंही म्हणाले नाहीत.

वर गेल्यावर काय झालं ते मी आजवर लोकांना निरनिराळ्या तऱ्हेनं सांगितलं आहे. खरं हे आहे की आधी मी डोळेच मिटले होते. वारा तोंडावर चापटी मारत होता. डोळे उघडले तेव्हा अकोल्याची घरं खाली तिरकी झाली होती, मोर्णा नदीचं पाणी चमकत होतं, आणि पलीकडं नुसती शेतं. काळी, पिवळी, पुन्हा काळी. मी किन्हीराजा शोधायला लागले. आमच्या गावाबाहेरची टेकडी शोधली, विहिरीवरची चिंच शोधली, आमच्या घराचं धाबं, ते मातीचं सपाट छप्पर, शोधलं. सगळीकडं टेकड्या होत्या आणि सगळी झाडं सारखी. गाव कोणत्या दिशेला, तेसुद्धा मला कळेना. मी मागं वळून वैमानिकाला ओरडून विचारलं, किन्हीराजा कुठं आहे? तो हसला आणि त्यानं अंगठा वर केला. मग विमान वळलं आणि माळ पुन्हा खाली आला. एवढंच. त्या एवढ्यासाठी मी किती रात्री जागले होते. मला रडू फुटलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

उतरले तेव्हा सासरे धावत आले. सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही, पण त्या दिवशी ते विसरले. मागं सगळी गर्दी.

काय दिसलं, म्हणून त्यांनी विचारलं. पातूर दिसलं का? मी हो म्हणाले. मालेगाव? तेही. शिरपूरच्या देवळाचा कळस? दिसला म्हटलं. प्रत्येक होकाराला ते गर्दीकडं वळून पाहत, आणि मघाशी गवतात बसलेला माणूस पुन्हा पाटील होत गेला. माझ्या मनात आलं, यांना सगळं दिसायला हवं आहे, तर सगळंच दिसू दे.

"किन्हीराजाबी दिसलं," मी म्हणाले. "माय धाब्यावर उभी होती. हात करून मले बोलावून राह्यली होती."

 सासरे पेचात अडकले. दिसत नाही म्हणावं तर इतकी वर्षं गावाला सांगितलं ते खोटं ठरणार, आणि दिसतं म्हणावं तर मोठ्या माणसाचं बोलावणं आलं. गर्दीतला एक म्हातारा, कोण कुठला देव जाणे, त्यांना म्हणाला, "पाटील, मायनं हात केला म्हंजे बोलावनंच आलं नं." सासऱ्यांनी टोपी माझ्या हातातून घेतली, ती उलटसुलट करून पाहिली आणि टोपीवाल्याला परत दिली.

आम्ही परत फिरलो. चऱ्यांचं शेत आलं आणि गेलं, सासऱ्यांनी मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालेगावच्या फाट्यावर त्यांनी दमणी थांबवली. उगाचच जू तपासलं, बैलांना पाणी पाजलं, तंबाखू मळली. मी आत बसून नखं कुरतडत होते. सासूबाई एकदम म्हणाल्या की ऊन चढतंय, काय ते ठरवा. तेव्हा सासरे मुलाला म्हणाले, "किन्हीराजाकडं घे. इमान दिसलं का, ते इहीनबाईलेच इचारू."

 तीन वर्षं ज्या वाटेसाठी तळमळले तीच वाट आता लवकर संपू नये असं वाटायला लागलं. त्यांची विहीणबाई म्हणजे माझी आई, आणि तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती नाही म्हणणार, आणि मला त्याच दमणीतून परत फिरावं लागणार. आणि पुन्हा कधी?

आई शेणानं अंगण सारवत होती. गाडी पाहून ती उठली, हात तसेच शेणानं भरलेले. ती म्हातारी दिसत होती. मी खाली मान घालून उभी राहिले, तिला खूण करायलाही जागा नव्हती. सासऱ्यांनी रामराम केला आणि दारातच विचारलं, अकोल्याच्या माळावरून विमान उडालं, त्यात तुमची लेक होती, तुम्ही तिला हात करून बोलावलं असं ती म्हणते, ते खरं का?

आईनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. 

"इमान मले ठावं नाई, पाटील," ती म्हणाली. "पन हात त मी रोजच करतो. सांज झाली का धाब्यावर चढतो, अन् तुमच्या गावाकडं तोंड करून बोलावतो तिले. तीन वर्सं झाले."

सासऱ्यांनी जोडे काढले आणि ते ओट्यावर बसले. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की अकोल्याच्या माळावर मी खोटं बोलले.