सुनंदाआक्कांचा मोकळा रकाना

मंडळी, आज ऑफिसात घडलेलं मनातून जात नाही.

कर्नाटकाच्या सीमाभागात आमच्या संस्थेचे तीन प्रकल्प, माणसं मात्र तीच. त्यांची कामं मी सॉफ्टवेअरवर वाटते. आज सुनंदाआक्कांचा रकाना अर्धा मोकळा दिसला, म्हणून त्यांना सदलगा गावातलंही काम दिलं.

"व्हय गं, मोकळीच हाय मी," आक्का म्हणाल्या. "तिन्ही प्रकल्पांचे कन्नड अर्ज आपोआप लिहून होत्यात न्हवं?"

आम्ही बाकीचे कन्नड बोलतो; सरकारी कन्नड लिहिणाऱ्या आक्का एकट्याच. पण हे काम सॉफ्टवेअरमध्ये नव्हतंच.

मी ते टाकलं, त्यांना विचारून तास भरले. तास मर्यादेबाहेर गेले नि रकाना लाल झाला. सदलग्याचं काम मी स्वतःकडे घेतलं.

"याचा फोटो दे गं," आक्का हळूच म्हणाल्या. "रोज उशीर का हुतोय, घरी पटत न्हाय."

तुमच्या ऑफिसात असं न दिसणारं काम कोण करतंय?