रानगुलाबाचं इंधन आणि भुईगावची केळी

मिरजेहून निघताना मी आळीभर सांगून टाकलं होतं, "आमची रेवती वसईला गुलाबापासून पेट्रोल काढतेय!" लेकीचं कौतुक आईनं नाही करायचं तर कुणी?

वसई स्टेशनवर रेवती न्यायला आली. भुईगावचा रस्ता चिंचोळा, दोन्हीकडे केळी नि नारळ, मधेच एखादा पांढरा क्रूस आणि त्याला ताजा हार. समोरून टेम्पो आला, त्याला वाट देताना आमची रिक्षा चक्क पाटात उतरली. माझी एक चप्पल चिखलात रुतली ती कायमचीच, आणि मी पेद्रूकाकांच्या अंगणात एका पायानं अनवाणी पोचले.

पेद्रूकाका बागायतदार. त्यांच्या कुंपणाला रानगुलाब आहे. त्याच्या खुंटावर (मुळाकडच्या बुंध्यावर) ते चांगल्या गुलाबाचं कलम बांधतात आणि छाटलेल्या काड्या बांधावर टाकतात. याच काड्या नेऊन रेवती वर्षभर प्रयोगशाळेत वाळवत, दळत, जाळून बघत होती. त्यांच्यातून गाड्यांचं इंधन निघेल का, हा तिचा अभ्यास.

काकूंनी गरमागरम फुगे (तळलेले गोल पाव) पुढे ठेवले. काका म्हणाले, "बाय, तुझ्या शब्दावर थांबलोय. तू हो म्हण, ही सगळी केळी काढतो नि रानगुलाबच लावतो."

मी सरसावून बसले. आता माझी लेक हो म्हणणार!

"नको काका," रेवती म्हणाली. "काडी जळते छान. पण तिच्यातून इंधन काढायला जेवढं जळण खर्ची पडतं, त्याहून फारसं जास्त हाती येत नाही. छाटलेल्या काड्या चुलीत घाला. त्यांच्यासाठी बाग मोडू नका."

हातातला फुगा मी परत ताटलीत ठेवला. अगं बाई, वर्षाची मेहनत आणि असं तोंडावर सांगायचं? काकांनी उठून जवळच्या केळीच्या बुंध्यावर हात ठेवला.

"बापानं लावलेल्या केळीचे कोंब आहेत हे," ते म्हणाले. "काढायला जीव होत नव्हता गं."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. परतताना मी रेवतीला विचारलं, "तुझे सर रागावतील ना?"

"रागावू देत. जे निघालं तेच सांगणार ना, आई?"

खरं सांगते, त्या क्षणी मला आभाळ ठेंगणं झालं.

मिरजेत रिक्षातून उतरते न उतरते तोच शेजारच्या शालनताईंनी गाठलं. "काय मग, आणलं का पेट्रोल?"

मी काकांनी दिलेली केळ्यांची फणी त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, "हे आणलंय. आमच्या रेवतीनं वाचवलेल्या बागेतलं."