गिटारचा तो तुकडा

रविवारी सकाळी विन्याच्या घरी आम्हा तिघा मित्रांचा ठरलेला वाद असतो. आमच्या लाडक्या जुन्या न्यू वेव्ह रॉक बँडचा दुसरा अल्बम भारी की तिसरा? शिऱ्या दुसऱ्यावर अडून बसलेला, विन्या तिसऱ्यावर. एकमत एवढ्यावरच, की त्यांच्या गिटारवाल्याची कुणी कदर केली नाही. ते मला पटवायला विन्या रेकॉर्डवर नेमकी त्याच्या तुकड्यापाशी सुई ठेवतो. जेमतेम दहा-बारा सूर, मध्ये मोकळी जागा सोडून वाजवलेले. आणि नेमके तेव्हाच दोघे त्याच्यावरच्या अन्यायाबद्दल तावातावाने बोलू लागतात. सुई पुन्हा मागे, पुन्हा तेच. जिवापाड आवडणाऱ्या गोष्टीभोवतीच माणसं इतका गलका का करतात?

आज सुई चौथ्यांदा मागे गेली आणि माझं डोकं फिरलं. "अरे, गप्प बसा! ऐका जरा त्याला!" मी ओरडलो. दोघे चिडीचूप झाले.

माझं ओरडून होईपर्यंत तुकडा संपला होता.