पहिल्या येणाऱ्याचा नियम

"आलीस? हा घे झाडू. सगळे तुझ्यासाठीच थांबलेत."

सायकल क्लबच्या सेक्रेटरीने माझ्याकडे न बघताच झाडू पुढे केला. आठ जण सायकली धरून उभे होते. त्या सकाळी राज्याच्या संघाची निवड होती. आणि ट्रॅकच्या फळ्यांवर आदल्या संध्याकाळच्या ऑर्केस्ट्राचा उकिरडा. शेंगांची टरफलं, पानाच्या पिचकाऱ्या, सांडलेला सोडा.

ब्याऐंशीचं एशियाड नुकतंच होऊन गेलेलं. मुलुंडच्या एका जुन्या गोदामात सायकल शर्यतींसाठी कढईसारखा लाकडी ट्रॅक बांधला होता. मधल्या जागेत स्टेज घालून गाण्याचे कार्यक्रम व्हायचे. क्लबचा नियम एकच. जो पहिला येईल त्याने ट्रॅक झाडायचा. दोन वर्षं पहिली मीच यायचे, घाटकोपरहून, उजाडायच्या आत. अभिमानाने झाडायचे. वाटायचं, या ट्रॅकवर माझ्याइतका जीव कुणाचाच नाही. मूर्ख होते मी.

त्या दिवशी बस बंद पडली. मी सगळ्यांत शेवटी पोचले. तोवर आठ धडधाकट माणसं झाडूकडे बघत नुसती उभी होती.

मी म्हटलं, नियम पहिल्या येणाऱ्याचा आहे. सेक्रेटरी हसला.

"अगं, तुझ्या हाताला सवय आहे. तुमच्यात ती जन्मापासूनच असते ना."

माझी आई सफाई कामगार. क्लबच्या फॉर्मवर मीच तसं लिहिलं होतं. तोंडाने कुणी कधी विचारलं नाही. वाचलं मात्र सगळ्यांनी होतं.

अंगाची आग झाली. झाडू त्याच्या पांढऱ्या बुटांवर टाकला आणि सायकल घेऊन त्या घाणीतच उतरले. दुसऱ्या वळणावर चाक सोड्यावरून सरकलं. कोपर फुटलं. माझी निवड गेली. उचलायला कुणी आलं नाही. पण बाकीच्यांची निवड तर व्हायचीच होती. शेवटी त्या आठ जणांनी ट्रॅक झाडला. कोपराला रुमाल बांधून मी समोर बसले आणि शेवटच्या फळीपर्यंत बघितलं. एकालाही धड झाडता येत नव्हतं.

घरी आई म्हणाली, "झाडून टाकायचंस गं. निवड तरी झाली असती." तिच्यावरही मी चिडले. ते अजून छळतं.

मी टायपिस्ट होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात झाडण्याच्या पाळ्यांचा कागद टाइप केला आणि ट्रॅकजवळच्या भिंतीवर चिकटवला. दहा नावं. सगळ्यांत वर सेक्रेटरीचं. माझं सातवं. त्याने माझ्यासमोर फाडला. मी पिशवीतून दुसरा काढला, लावला.

"फाडा. कार्बन घालून ढीगभर काढलेत. माझी पाळी सातवी आहे. आधीचे सहा झाडतील, मग मी झाडेन. तोवर झाडूला हात लावणार नाही."