शांत केलेली गाडी

कुंदा सिस्टर हॉर्न वाजवत नसत. आमच्या पांढरकवड्यात हायवेवरचे ट्रकवाले चहा मागवायलाही हॉर्न वाजवतात. तिथे ही बाई आपली जुनी पिवळी व्हॅन घेऊन म्हशींच्या मागे गुपचूप थांबलेली असायची. मागचे लोक ओरडायचे, "ओ मावशी, वाजवा ना!" एकदा आमच्या दुकानासमोरच असं झालं. सिस्टर खाली उतरल्या, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिला बाजूला नेलं आणि मागच्या ट्रकवाल्याला म्हणाल्या, "तिले पाय हायेत, मले तोंड हाये. भोंगा कायले पाह्यजे?"

आमचं दुकान गाड्यांच्या सीटचं आणि टेपचं. वायरिंग, स्पीकर हे काम यांचं. कापणं, शिवणं, चिकटवणं माझं. मी पडद्यामागे मशीनवर बसते. गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की माझी जीभ जड होते, म्हणून हेच सगळ्यांशी बोलतात. पण कुंदा सिस्टर पहिल्याच दिवशी पडदा सारून आत आल्या आणि फोमच्या थप्पीवर बसल्या. "तू बोलू नको, मी बोलतो," म्हणाल्या. "मले तशा बाया लय भेटल्या. पोटात दुखते हेही सांगत नाई, नुसत्या पाह्यतात."

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आजूबाजूच्या पाड्यांवर, तांड्यांवर जाऊन त्यांनी मुलांना सुया टोचल्या, बाळंतपणं केली. लग्न केलं नाही. नोकरी संपली तेव्हा त्यांच्याजवळ उरला तो धाकटा भाऊ, दिनकर. सगळे त्याला दिनूभाऊ म्हणत. दिनूभाऊंना कानात माणसं बोलल्यासारखी वाटायची. ती माणसं शिव्या द्यायची, ऊठ म्हणायची, पळ म्हणायची. डॉक्टरांची गोळी चालू होती. सिस्टर ती स्वतःच्या हातानं द्यायच्या आणि जीभ वर करायला लावून बघायच्या. तरी मधूनच ते ओरडत सुटायचे. शेजारचे दारावर यायचे. एका घरातून निघायला लागलं, मग दुसऱ्या. दिनूभाऊ फक्त गाडीत बसले की निवायचे. म्हणून सिस्टरनी शाळेची मुलं नेणारी ती जुनी व्हॅन घेतली. आत प्लायवूडचा पलंग, छोटा गॅस, पाण्याची कॅन, खिडक्यांना पडदे. पडदे मीच शिवले. सिस्टर म्हणायच्या, "घर एका जागी राह्यते म्हनून लोक दारात येतात. माहं घर चालते."

पण ते घर त्यांना चालवावं लागायचं. गाडी थांबली की थोड्या वेळात दिनूभाऊंची कुरकुर सुरू व्हायची, म्हणून सिस्टर उगाच मारेगावपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. त्यांचे डोळे सुजलेले असत. नागपूरचा पुतण्या फोनवर सांगत होता की दिनूकाकांना तिकडे एका संस्थेत ठेवू. सिस्टर फोन ठेवून देत. "माय मेली तवा याचा हात माह्या हातात देल्ला तिनं," त्या मला म्हणाल्या. "तो हात मी गेटवर कोनाच्या हाती देऊ, सांग."

मग त्यांच्या मनात आलं की हा सगळा दोष आवाजाचा आहे. व्हॅनचा पत्रा फार वाजायचा. जुने स्पीकर खरखरायचे, आणि त्या खरखरीत दिनूभाऊंना शब्द ऐकू यायचे. "पेशंटले शांतता पाह्यजे," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यात जलमभर हेच शिकलो. गाडी आतून शांत करून द्या. अन् स्पीकर असे लावा का बुद्धवंदना साफ आली पाह्यजे."

असं काम आमच्याकडे हौशी पोरं त्यांच्या कारला करून घेतात. सगळ्या गाडीचं काम करायची ही पहिलीच वेळ होती. यांनी सीट काढल्या, दारांचे पुठ्ठे काढले. मी उघडा पत्रा रॉकेलनं पुसून घेतला. मग त्यावर शीट लावायची. ही शीट डांबरासारखी काळी आणि चिकट असते, वरून चांदीचा कागद. गरम हवेनं ती मऊ करायची आणि लोखंडी बेलनानं दाबून पत्र्याला बसवायची. आत हवा राहिली की काम वाया. दारं, छत, चाकांवरचे उंचवटे, सगळीकडे मी ती लाटली. शेजारचा पंक्चरवाला म्हणायचा, "वहिनी, दोन पोया जास्तीच्या टाका, मीही जेवाले हावो." शीटवर फोम, फोमवर कापड. यांनी दारात मोठे स्पीकर बसवले आणि गाडी उभी असतानाही चालावेत म्हणून वेगळी बॅटरी दिली. काम संपलं तेव्हा पत्र्यावर टिचकी मारली तर आधी टण्ण वाजायचं, ते आता उशीवर मारल्यासारखं वाटत होतं. सिस्टरनी दार लावून पाहिलं. दोनदा पाहिलं. "माय व," म्हणाल्या, "फ्रीजच झाला हा तं!"

आवाज कुठून येतो का ते ऐकायला मीही गाडीत बसले. मारेगावच्या रस्त्याला लागलो. बाहेर ट्रक जात होते, पण आत काहीच येत नव्हतं. सिस्टरनी मुद्दाम स्पीकर बंद ठेवले होते. त्यांचा चेहरा इतका हलका झालेला मी कधी पाहिला नव्हता.

दिनूभाऊंनी आधी मान वाकडी केली. मग दोन्ही हात कानांवर ठेवले. इतक्या शांततेत कोणी कान झाकतो का, म्हणून मी बघत राहिले. ते म्हणाले, "अक्का, आता तं सारेच येऊन राह्यले."

"कोन, बाप्पा? कोनी नाई इथं."

"सारेच! एकाच टायमाले बोलून राह्यले!"

त्यांनी दार उघडलं. सिस्टरनी ब्रेक मारला, गाडी हळू झाली होती म्हणून वाचलं, पण ते खाली पडले आणि कोपर फुटलं. कापसाच्या शेतात शिरून ते ओरडत पळत होते आणि सिस्टर साडी गुडघ्यापर्यंत धरून त्यांच्या मागे. मी रस्त्यावर उभी होते. परत आणलं तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. येताना सिस्टरनी सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या. वारा आणि ट्रकांचा आवाज आत आला, आणि दिनूभाऊ हळूहळू गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी त्या पडद्यामागे येऊन फोमच्या थप्पीवर बसल्या. मग म्हणाल्या, "शोभा, दिनू जिनात होता तवा कधीच काई झालं नोतं."

दिनूभाऊ तरुणपणापासून कापसातली सरकी काढायच्या जिनात मशीनवर होते. तिथे दोन माणसांना बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. जिन बंद पडला, ते घरी बसले, आणि त्यानंतरच हा आजार बाहेर आला असं सगळे धरून चालले होते. "बाहेर नाई आला," सिस्टर म्हणाल्या. "आत व्हताच. मशीनखाली दबून व्हता. गाडीत तो पत्र्याच्या आवाजानं निवे अन् मले वाटे, फिरल्यानं निवते. अन् म्याच तो आवाज पुसून टाकला."

यांनी विचारलं, "शीट उखडून टाकू का, सिस्टर?"

"राहू द्या. गाडी थांबल्यावर पत्रा थोडीच वाजते? मले थांब्याचं हाये, भाऊ. मी थकली आता."

कापूस यायला लागला तेव्हा त्या मला घेऊन मारेगावच्या एका जिनात गेल्या. गेटवरच्या मुनीमाने विचारलं, "कापूस कोनाचा?"

"कापूस नाई. मशीनचा आवाज पाह्यजे, फोनात."

"आवाज? त्याचा भाव नाई निंगाला अजून, बाई!" तो हसला, पण आत जाऊ दिलं. सिस्टर फोन छातीशी धरून मशीनजवळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा केसांत, भुवयांत कापूस. मीच झटकला.

यांनी तो आवाज नव्या स्पीकरवर लावला, भारी बाजू वाढवली, चिरका भाग कमी केला. गाडीच्या तळातून घरघर निघाली. शीटमुळे बाहेर फारसं काही येत नव्हतं. दिनूभाऊ पलंगावर ताठ बसले. बराच वेळ ऐकलं. मग बहिणीकडे वळून रागानं म्हणाले, "पट्टा ढिला हाये. कोन पाह्यते मशीन?"

सिस्टर हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. "सांगतो त्याइले," म्हणाल्या. "पट्टा कसाले सांगतो." दिनूभाऊ आडवे झाले आणि झोपले. गाडी उभीच होती.

त्यानंतर व्हॅन विहाराजवळच्या कडुलिंबाखाली लागायला लागली. पोरं म्हणायची, सिस्टरच्या गाडीत भूत कापूस पिंजते. सिस्टर सावलीत खुर्ची टाकून तांदूळ निवडत. ओरडणं पार गेलं असं नाही. अमावस्या-पौर्णिमेचं लोक बोलत, तेव्हा त्या चिडत. "चंद्राले काय कराचं त्याच्याशी? गोळी चुकली अशीन." पण कोणी दारावर येत नव्हतं. मी दुपारी डबा घेऊन जायची. त्या मला बटणं दाखवायच्या, हे चालू, हे बंद, बॅटरी अशी चार्ज करायची. "कायले मले?" मी म्हणायची. "नर्सच्या हाताखाली दुसरी नर्स लागते," एवढंच बोलायच्या. पुतण्याला त्यांनी बोलावलं होतं, समजावून सांगायला. त्याला यायला जमलं नाही.

या उन्हाळ्यात त्या गेल्या. सकाळी मी पोचले तेव्हा गाडीत जिन चालू होता. सिस्टर पलंगावर कुशीवर होत्या. दिनूभाऊंनी त्यांच्यासाठी चहा केला होता आणि कप हातात धरून ते त्यांच्या उठण्याची वाट बघत होते. चहावर साय धरली होती. मी अंगाला हात लावला आणि मला कळलं. "झोपू दे," दिनूभाऊ म्हणाले. "अक्का लय थकली."

पुतण्या आला. माणूस वाईट नाही. त्याने सगळं रीतीनं केलं, काकांच्या खांद्यावर हात ठेवून बसला. त्याच्या घरी दोन लहान मुली, दोघं नोकरीला. तिसऱ्या दिवशी त्याने दिनूभाऊंचे कपडे पिशवीत भरले. हे दुकानात होते, म्हणून बोलायला मीच होते.

"भाऊ," मी म्हटलं, "त्याइले तो मशीनचा आवाज लागते. फोनात हाये. घेऊन जा."

"काकू, संस्थेत फोन ठेवू देत नाहीत," तो म्हणाला. "पण काळजी करू नका. मी स्वतः बघून आलोय. बागेत आहे, रस्त्यापासून आत. एकदम शांत जागा आहे."

माझी जीभ जड झाली. दिनूभाऊ कारमध्ये मागे बसले होते, काच वर केलेली. मी सगळं सांगायला पाहिजे होतं, रस्त्यावर काय झालं, शेतात काय झालं. माझ्याकडून एवढंच निघालं, "मंग त्यांच्या खाटीपाशी एखांदा जुना पंखा लावाले सांगा. लय खडखड करनारा."

त्याने पिशवी कारमध्ये ठेवली. मग म्हणाला, "सांगतो."

त्याने सांगितलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.