वहिनीची अळवंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. देवासमोर हात जोडून बसले तरी दुसरंच काहीबाही बोलून उठायची. वहिनी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मग आज तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. ऐका, एवढंच.

आमची वहिनी भुताच्या गोष्टी लिहायची. मालवणाजवळच्या आमच्या गावात, स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील तेव्हा — चौथी शिकलेली बाई! मी सावंतवाडीला शाळेत. मे महिन्यात घरी आले की दुपारी मागच्या पडवीत आम्ही दोघी भाजलेल्या काजूबिया फोडायला बसायचो. तिची बोटं चिकाने काळी, आणि तोंडातून एकेक भूत असं उतरायचं की लख्ख उन्हातही मला न्हाणीपर्यंत एकटीने जाववत नसे. किती सुखाच्या दुपारी होत्या त्या! भाजक्या बियांचा वास आला की अजून जीव कासावीस होतो.

ती जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायची. अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं. माझं मोत्यांसारखं — सगळेच म्हणत. म्हणून पक्की प्रत करायचं काम माझं.

तिची सगळ्यात चांगली गोष्ट अळवंतीची. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते म्हणतात. तशी एक रोज भर दुपारी आपल्याच घराच्या मागल्या दारी येऊन उभी राहते. आत तिच्या जागी नवी सून आलेली. ती एक दिवस दार उघडते आणि म्हणते, "ये गो बाय, पेज निवता." दोघी जेवायला बसतात. संपली गोष्ट. माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता.

आणि — हे सांगायलाच हवं — वहिनी माझ्या भावाची दुसरी बायको. पहिली तिची सख्खी थोरली बहीण, बाळंतपणात गेलेली. ती गोष्ट कुणाची, हे मला कळत नव्हतं का? पुरतं कळत होतं.

गोष्ट मुंबईच्या एका मासिकाच्या दिवाळी अंकासाठी पाठवायची होती. त्याच मासिकाकडून माझी कविता आदल्या महिन्यात 'साभार परत' आलेली. शाळेत निबंधात मी पहिली. आणि ही चौथी शिकलेली —

शेवट मी बदलला. भगत आणला. त्याने मंत्र म्हटले, अळवंतीला घराबाहेर काढलं, फणसाच्या खोडात खिळा ठोकून बांधून टाकलं. वहिनीचे कागद न्हाणीच्या चुलीत घातले. भाऊ चिडेल म्हणून केलं, लोक काय म्हणतील म्हणून केलं, असं म्हणता आलं असतं. खोटं आहे ते. मला मत्सर वाटला.

गोष्ट छापून आली. वहिनीचं नाव, चांगलं ठळक. तिने पदराला हात पुसून अंक उघडला. वाचत गेली, शेवटी थांबली. रडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तिका भायर काढल्यानी गो."

मी म्हटलं, "संपादक बदलतत, वयनी. तेंका कळता."

तिने मान हलवली. शिकलेल्या माणसांचं बरोबरच असणार, अशी. त्यानंतर तिने पेन्सिल हातात धरली नाही. 'वयनी, लिही ना' असं मीच किती लाडाने म्हणायची! मेला तो लाड.

दहाएक वर्षांनी माहेरी गेले होते. माझी पोर तिच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकत होती, मी आत नारळ खवत होते. तीच अळवंत. माझा हात थांबला — आता दार उघडेल, आता पेज वाढेल. पण भगत आला. खिळा आला. छापलेलं तेच खरं मानून माझा शेवट तिने जसाच्या तसा सांगितला.

"मगे ती खंय गेली?" पोरीने विचारलं.

"खंय जातली? भायरच आसा."

मी सगळं ऐकलं. आणि नारळ खवत राहिले.