अळणी कालवण आणि लिथियमची गोळी

“ही अ‍ॅलर्जी नाही. लिथियम टॉक्सिसिटी आहे.”

वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाई रक्ताचा रिपोर्ट बघून असं म्हणाल्या, तेव्हा माझी जीभ इतकी जड झाली होती की “म्हणजे काय?” एवढंही धड विचारता येईना. टॉक्सिसिटी म्हणजे औषध शरीरात प्रमाणाबाहेर साठून त्याचंच विष होणं.

पण मी गोळी कधी चुकवली नव्हती, कधी जास्तही घेतली नव्हती. त्या बाबतीत मी घड्याळाच्याही वरताण आहे. मग साठलं कुठून?

मी बोनकोड्याची सून. कोपरखैरण्यात माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउजचं फिटिंग माझ्यासारखं आख्ख्या सेक्टरात कोणी करत नाही, हे सांगायला मी लाजत नाही. मला बायपोलर डिसऑर्डर आहे. या आजारात मन कधी इतकं वर जातं की झोप नको, जेवण नको, आणि कधी इतकं खाली की अंथरुणातून उठवत नाही. एकदा वरच्या खेपेत मी गिऱ्हाइकांची कापडं भलतीसलती कापून ठेवली होती. लिथियमनं मला ताळ्यावर आणलं आणि माझं दुकान मला परत दिलं.

बाहेर मात्र ती ‘थायरॉइडची गोळी’ होती. तसं सासूबाईंनी ठरवलं होतं. गावात भावकीची घरं भिंतीला भिंत लागून, आणि तोंडं त्याहून जवळ.

यंदा उन्हाळ्यात सासऱ्यांचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी त्यांचं मीठ कमी करायला सांगितलं. आता आमच्या घराचा एक अभिमान आहे: सगळ्यांचं जेवण एकाच टोपातलं. सासूबाई म्हणाल्या, “मालकाला अलनी नि आमाला खारट, असा माज्या घरान नाय चालाचा.” झालं. सासऱ्यांच्या वडिलांचं आयुष्य मिठागरावर गेलेलं, आणि त्यांच्याच घरात मीठ बंद! सुकी मासळी गेली, लोणचं गेलं, कोलंबीचं कालवण अळणी झालं. कोणी हूं की चूं केलं नाही. मला तर आमच्या घराचं कौतुकच वाटत होतं.

पुढे माझा हात उडायला लागला. बारीक कंप या गोळीबरोबर येतोच, त्याची मला सवय आहे. हा तसा नव्हता. पोट बिघडलं, मळमळायला लागलं, चालताना भिंत धरावी लागली. भावकीतल्या एका नवरीचा ब्लाउज बेतत होते, तर गळ्यावर कात्री वाकडी गेली. कात्री खाली ठेवली आणि शटर ओढून घरी आले. दुसऱ्या दिवशी माझं बोलणंच कोणाला कळेना, तेव्हा ‘गोळीची अ‍ॅलर्जी झाली’ म्हणत नवऱ्यानं मला रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात गोळी बंद केली. सलाईन, लघवीचं माप, पुन्हा पुन्हा रक्त. लिथियमची रक्तातली लेव्हल उतरली नाही तर डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त गाळून घेणं, करावं लागेल असं सांगितलं. नणंद कॉटजवळ बसून म्हणाली, “वैनी, टेन्शनच नको. ती गोली कायमची सोड. तुज्या अंगाला सोसत नाय.”

मला मशीनची भीती वाटली नाही. गोळी सुटण्याची वाटली. गोळीशिवायची मी कशी असते, ते मी पाहिलंय. मी रडले.

डॉक्टरबाईंनी एकेक विचारलं. पेनकिलर घेतली का? बीपीची, लघवी वाढवणारी गोळी? खाण्यापिण्यात काही बदल?

“बदल कसला, बाय?” सासूबाई म्हणाल्या. “मीठ बंद केलाय सगल्यांचा.”

डॉक्टरबाई स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, “मिठात सोडियम असतं. किडनीला लिथियम आणि सोडियम जवळपास सारखीच वाटतात. मीठ कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच, पण रक्तात साठत जाते.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अ‍ॅलर्जी, म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी, वेगळी. तिथे शरीरच औषधावर उठतं. पुरळ येतं, सूज येते, श्वास लागतो, अगदी थोड्या डोसनंही. तसं असतं तर गोळी बहुधा सोडावीच लागली असती. तुमचं प्रमाण बिघडलंय. लेव्हल उतरली की बघून पुन्हा सुरू करू.”

पुन्हा सुरू करू! मी परत रडले, पण हे रडणं वेगळं होतं.

मशीन लागलं नाही. लेव्हल उतरली, जीभ सुटली, हात स्थिर झाला. गोळी कमी डोसनं सुरू झाली. तुमच्यापैकी कोणी लिथियमवर असेल तर एवढं ऐका: मीठ एकदम कमी किंवा जास्त करू नका, पाणी पीत राहा, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना कळवा, पेनकिलर मनानं घेऊ नका. आणि गोळीही मनानं सोडू नका.

घरी आल्यावर सासूबाई माझ्या नजरेला नजर देईनात. शेवटी म्हणाल्या, “मीच तुला जहर घातला.”

“जहर कसलं, आई? साधं मीठसुद्धा नाही घातलंत,” मी म्हटलं. तेव्हा कुठे त्या हसल्या.

आता सासऱ्यांचं कालवण आधी वेगळ्या टोपात काढतात आणि मग आमच्यात मीठ पडतं. ही बातमी भावकीत पोचायला कितीसा वेळ! दुकान उघडून मी त्या नवरीचा ब्लाउज नव्या कापडावर पुन्हा बेतून दिला. तिच्याच हळदीला आम्ही बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होतो. एक जाऊबाई खोचून म्हणाली, “काय गो काकी, तुमच्या घरान आता दोन टोप? सुनेचा थायरॉइड वाडला का?”

मी मान खाली घातली. सासूबाईंनी पिठाचे हात झटकले.

“थायरॉइड नाय. डोक्याचा आजार हाय माज्या सुनेला,” त्या सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “गोली खाते, दुकान चालवते. नि तुमच्या नवरीचा ब्लाउज तिनंच शिवलाय. बगा जरा, कसा बसलाय!”

सगळ्या बायका वळून नवरीच्या पाठीकडे बघायला लागल्या. मीही मान वर करून बघितलं. कुठे एक सुरकुती नव्हती.